ब्रुटसच्या नाण्यावर ब्रुटसचाच चेहरा: हे पटतं का?

मुद्राछंदी: इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला ब्रुटस आणि त्याच्या साथीदारांनी रोमचा हुकूमशहा ज्युलियस सीझर याचा खून केला. दोन वर्षांनी ब्रुटसने सैन्याबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत डिनेरियस ही चांदीची नाणी पाडली. मागच्या बाजूला दोन खंजीर, मध्ये पिलियस, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी, आणि खाली ‘ईद मार’, ती मार्चची तारीख. एवढ्याशा चांदीत इतकं बोलणारं दुसरं नाणं मी पाहिलेलं नाही. पण दर्शनी बाजूला ब्रुटस स्वतः! हयातीत रोमच्या नाण्यावर झळकलेला पहिला रोमन सीझर, तोही खुनाच्या काही आठवडेच आधी. त्याच्या राजेशाही थाटाला विरोध म्हणून त्याला मारलं, आणि हा तोच थाट. माझ्या मते इथे ब्रुटसची बाजू लंगडी पडते.

शिलेदार: अजिबात पटत नाही. युद्ध तोंडावर होतं. विरुद्ध बाजूच्या, सीझरच्या पक्षातल्या अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांचे चेहरे नाण्यांवर येऊ लागले होते. आपण कोणासाठी लढतोय हे पगार घेणाऱ्या शिपायाला कळायला नको? शिवाय नाण्यावर ‘इंपेरेटर’ हे सेनापतीचं बिरुद आहे, राजाचं नाही.

मुद्राछंदी: मग खुनाच्या कटातला ब्रुटसचा साथीदार कॅशियस, त्याचं काय? तोही त्याच युद्धात, त्यालाही पगार वाटायचाच होता. त्याने स्वतःचा चेहरा छापला नाही, स्वातंत्र्यदेवता लिबर्टास छापली. खुद्द ब्रुटसनेही इ.स.पू. ५४ च्या सुमारास लिबर्टासच छापली होती. म्हणजे वाट माहीत होती.

सावळागोंधळ: तुम्ही दोघं चेहऱ्यावर अडलात, मला ती टोपी खटकते. याच ब्रुटसने सायप्रसमधल्या सालामिस शहराला मध्यस्थांमार्फत ४८ टक्के व्याजाने कर्ज दिलं होतं. वसुलीसाठी तिथल्या सभागृहाला घोडेस्वारांचा वेढा पडला आणि पाच सभासद उपाशी मेले. त्या काळचा रोमन वक्ता सिसेरो याच्या पत्रांत हे सगळं आहे. अशा माणसाने गुलामाच्या सुटकेची खूण वापरावी? सुटका झाली ती सिनेटरांची.

शिलेदार: सालामिसचं समर्थन मी करणार नाही, ते घृणास्पदच होतं. पण सावकार ब्रुटस वाईट होता म्हणून नाण्याचा अर्थ बदलत नाही. इतिहासकार कॅशियस डायोने (हा कटातला कॅशियस नव्हे) दोन शतकांहून अधिक काळानंतर हेच नाणं वर्णिलं, आणि अर्थही सांगितला: ब्रुटस आणि कॅशियस या दोघांनी मिळून मायभूमी मुक्त केली.

मुद्राछंदी: डायोचं ते वाक्य पुन्हा वाचा. ब्रुटसने नाण्यावर काय काय छापलं हे सांगताना तो आधी चेहरा सांगतो, टोपी आणि खंजीर त्यानंतर.