'समग्र', 'संकलित' की 'चिकित्सित'? पल्प कथांच्या खंडांना काय म्हणावं

विचारणा

अमेरिकेतल्या जुन्या पल्प मासिकांमधल्या अद्भुत आणि भयकथांवर एक लेख लिहिते आहे. रॉबर्ट हॉवर्ड, एच. पी. लव्हक्राफ्ट, क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ, म्हणजे १९२३ साली सुरू झालेल्या 'विअर्ड टेल्स' मासिकाभोवतीची मंडळी. यांच्या कथांचे आज जे खंड मिळतात त्यांच्यावर 'कलेक्टेड', 'कम्प्लीट', 'ऑम्निबस', 'व्हेरिओरम' असं काहीबाही छापलेलं असतं. या सगळ्यांना सरसकट 'समग्र' म्हटलं तर चालेल का? शिवाय 'पल्प' आणि 'विअर्ड' या दोन शब्दांचं काय करू?

प्रतिसाद

पल्पला पल्पच म्हणा. पल्प म्हणजे कागदाचा लगदा, एवढं एकदा सांगून पुढे जा. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त, खरखरीत कागद, न कापलेल्या कडा, वर भडक चित्र. फ्रँक मन्सीने १८९६ मध्ये 'आर्गसी' मासिक अशा कागदावर निव्वळ कथा-कादंबऱ्यांनी भरून काढायला सुरुवात केली, तिथून ही परंपरा धरतात. 'लगदासाहित्य' असं कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या. 'रद्दी वाङ्मय' तर नकोच, तो शब्द नाही, शेरा आहे.

प्रतिसाद

'समग्र' सरसकट नको. 'समग्र वाङ्मय' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महात्मा फुले किंवा सावरकर यांचे ग्रंथ येतात. लेखकाचं मिळेल ते सगळं त्यात आहे, असा तो शब्द वाचकाला भरवसा देतो. स्मिथचंच घ्या. नाइट शेड प्रकाशनाने २००६ ते २०१० या काळात त्याच्या अद्भुतकथा पाच खंडांत काढल्या, लिहिल्या त्या क्रमाने. नावात 'कलेक्टेड' आहे. पण स्मिथ मुळात कवी, आणि कविता त्यात नाहीत. त्याला 'स्मिथच्या संकलित अद्भुतकथा' म्हणा. 'समग्र स्मिथ' म्हणालात तर कवितेचे वाचक तुम्हाला सोडणार नाहीत.

पण माझ्या मते खरी मेख पुढेच आहे. खंडात किती आहे हा एक प्रश्न, आणि जे आहे ते लेखकाने लिहिलं तसं आहे का, हा दुसरा. 'समग्र' आणि 'संकलित' हे दोन्ही शब्द पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतात. दुसऱ्यासाठी पोथ्यांच्या अभ्यासातले शब्द आपल्याकडे तयार आहेत: पाठ (मजकुराचं एखादं रूप), पाठभेद (अशा रूपांतले फरक), प्रक्षिप्त (मागाहून दुसऱ्याने घुसडलेलं).

लव्हक्राफ्टची दक्षिण ध्रुवावरची ती लांबलचक कथा, 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस', १९३६ मध्ये 'अस्टाउंडिंग स्टोरीज' मासिकाने तीन भागांत छापली. संपादकीय खात्याने त्याचे लांब परिच्छेद तोडून बारके केले, मजकूरही गाळला. लव्हक्राफ्ट भयंकर चिडला आणि स्वतःकडच्या अंकांवर हाताने दुरुस्त्या करत बसला. पुढच्याच वर्षी तो वारला. १९३९ मध्ये ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री यांनी केवळ त्याच्या कथा पुस्तकरूपात याव्यात म्हणून विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटी या गावात आर्कम हाऊस ही प्रकाशनसंस्था काढली. पहिल्या पुस्तकाच्या प्रती १,२६८. मूळ टंकलिखितं लावून पाठ नीट केलेली आवृत्ती मात्र १९८४ ते १९८६ मध्ये आली आणि ती केली एस. टी. जोशी यांनी. जन्म पुण्याचा, १९५८. लहानपणीच अमेरिकेला गेले आणि पुढे ब्राउन विद्यापीठात शिकले, जिथे लव्हक्राफ्टची कागदपत्रं आहेत. ज्या पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताचे पाठभेद लावले, तिथलाच माणूस लव्हक्राफ्टचे स्वल्पविराम तपासत बसतो. पाण्याचा गुण म्हणायचा, दुसरं काय!

जोशींनीच २०१५ मध्ये तीन खंडांची आवृत्ती काढली, तीत पाठभेद तळटीपांत दिले आहेत. तुमचा 'व्हेरिओरम' तो हाच. 'पाठभेदांसह चिकित्सित आवृत्ती' असं लिहा.

प्रतिसाद

'चिकित्सक आवृत्ती' हा शब्द जास्त वाचनात आहे की.

प्रतिसाद

आहे, आणि तो चूक ठरवायला मी निघालो नाही. पण चिकित्सक असतो तो संपादक. आवृत्तीची चिकित्सा झालेली असते, म्हणून मी 'चिकित्सित' लिहितो. 'सुधारित' मात्र टाळा. 'सुधारित आवृत्ती' म्हणजे लेखकानेच भर घातली, किंवा पाठ्यपुस्तकाचा अभ्यासक्रम बदलला, असं वाटतं.

प्रतिसाद

'विअर्ड'बद्दल. 'गूढकथा' म्हटलं की मराठी वाचकाला मतकरी आठवतात, 'भयकथा' म्हटलं की धारप. दोन्ही शब्द या कथांच्या जवळचे आहेत, पण 'विअर्ड टेल्स'मध्ये लव्हक्राफ्टच्या शेजारीच हॉवर्डचा तलवारबाज कॉननही असायचा, आणि त्याला गूढकथा कसं म्हणणार? कॉननसारख्यांसाठी 'अद्भुतरम्य' वापरा. 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्यांना आपले वाङ्मयेतिहासकार हाच शब्द लावतात. लेखक फ्रिट्झ लायबरने १९६१ मध्ये 'सोर्ड अँड सॉर्सरी' असं नाव दिलं ते कॉननच्याच जातीच्या कथांना. मासिकाचं नाव तसंच ठेवा, भाषांतर नको.

विचारणा करणारी

छान, बरंच सुटलं. आता कॉननच. माझ्याकडे १९६६ पासूनच्या लान्सर प्रकाशनाच्या काही पॉकेटबुकांचे फोटो आहेत, चित्रकार फ्रॅझेटाची मुखपृष्ठं असलेली. त्यांना 'संकलित' म्हणू ना?

प्रतिसाद

जपून. त्या मालिकेचा संपादक स्प्रेग डी कॅम्प. त्याने कथा कॉननच्या वयाच्या क्रमाने लावल्या, मधल्या फटी स्वतःच्या आणि लिन कार्टरच्या कथांनी भरल्या. हॉवर्डच्या दुसऱ्याच नायकांच्या काही कथा कॉननच्या करून टाकल्या, ते तर १९५० च्या दशकातच. हॉवर्ड १९३६ मध्ये तिसाव्या वर्षी गेला, विचारायचं कुणाला? यासाठी 'प्रक्षिप्त' हा नेमका शब्द आहे. 'संपादित व प्रक्षिप्त भागांसह' असं लिहिलं तरी चालेल, जरा पंडिती वाटेल एवढंच. २००३ पासून डेल रे प्रकाशनाने काढलेले तीन खंड मात्र हॉवर्डच्या टंकलिखितांवरून आणि लेखनक्रमाने आहेत. 'समग्र कॉनन' म्हणायचं तर यांना म्हणा.

डर्लेथचंही तेच. १९४५ ची 'द लर्कर अ‍ॅट द थ्रेशोल्ड' लव्हक्राफ्टच्या नावावर खपली. त्यात लव्हक्राफ्टचे शब्द बाराशेच्या आसपास, बाकी अख्खी कादंबरी डर्लेथची. हिला 'सहलेखन' म्हणू नका.

प्रतिसाद

आणि 'ऑम्निबस' राहिलाच. आधी सुटी निघालेली दोन-तीन पुस्तकं एका बांधणीत आणली की तो ऑम्निबस. 'एकत्रित आवृत्ती' पुरे. 'जोडग्रंथ' असा शब्द एका प्रकाशकाच्या यादीत पाहिला होता, पण त्यावरून लोकांना आधी जोडाक्षर आठवतं.