शिक्षण परिषदेत दोन तास 'कायद्याची ओळख' घ्यायची आहे. काय सांगू, काय गाळू?

सहावी_ब_च्या_बाई

नमस्कार. पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी हा विषय माझ्या गळ्यात घातलाय. वेळ दोन तास, समोर चाळीसेक शिक्षक. मी वकील नाही. नागरिकशास्त्र शिकवते, एवढंच. माझं नाव पुढे आलं कारण आमच्या केंद्रात कोर्टात साक्ष देऊन आलेली मी एकटीच.

तो किस्सा सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. आमची शाळा सोलापुरात पूर्व भागात. निम्म्या पोरांच्या आया विड्या वळतात. खिचडी वाढायची वेळ आणि दारात पोलीस उभा. समन्स माझ्या नावानं, कारण मुख्याध्यापक रजेवर आणि प्रभारी मी. तोवर स्टाफरूममध्ये माझी अटक होऊनही गेली होती! शिपाईमामा म्हणाले, "बाई, आधी वकील बघा ओ." प्रकरण होतं आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वयाचं. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेची प्रवेशाची नोंदवही, घेऊन हजर राहा, इतकंच.

गेले. जन्मतारीख होती 1 जून. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, ही तारीख कशावरून लिहिली? म्हटलं, पालकांनी सांगितली असेल. "असेल?" तेव्हा मी या शाळेतच नव्हते. मग ते म्हणाले, याच पानावर 1 जूनला जन्मलेली मुलं मोजा. मी पिंजऱ्यात उभी राहून बोटानं मोजली. अकरा. म्हणजे तारखा अंदाजानंच टाकलेल्या. शेजारच्या रकान्यात लाल शाईची दुरुस्ती, खाली ना सही ना तारीख. ही कुणी केली? काय सांगणार. घरी आल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही. आपल्या शाळेच्या आळशीपणाचा फायदा कुणाला झाला असेल, हेच डोक्यात.

मागच्या वर्षीही हाच विषय झाला होता. पाहुणे वक्ते आले आणि पडद्यावर भारतीय दंड विधानाची कलमं वाचत बसले. त्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. लोक मागे बसून ऑनलाइन माहिती भरत होते. मला तसं करायचं नाही. आमचे सर म्हणतात सोलापूरच्या चार हुतात्म्यांपासून सुरुवात करा. मनात आहे, पण तिथून पुढे कुठं जाऊ?

निवृत्त_बेंचक्लार्क

बाई, तीस वर्षं पुकारा ऐकण्यात गेली, म्हणून सांगतो. समन्स म्हणजे बोलावणं. ते घेतल्याची सही केली म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. उलट घेतलंच नाही, तारखेला गेलंच नाही, तर पुढे वॉरंट निघू शकतं. शिक्षक घाबरून समन्स टाळतात आणि तिथंच अडकतात. तुमच्या दोन तासांतली पहिली वीस मिनिटं यालाच द्या.

साक्षीला जायचं तर वेळेआधी जाऊन सरकारी वकिलांना भेटायचं. आधी सरतपासणी, म्हणजे बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाचे प्रश्न, मग उलटतपासणी, म्हणजे समोरच्या वकिलाचे. रजिस्टर समोर असताना आठवणीवर बोलायचं नाही. माहीत नाही तर "माहीत नाही" म्हणायचं, "असेल" म्हणायचं नाही. तुमचा तो एक "असेल" वकिलाला दिवाळीचा बोनस होता. निघताना हजर राहिल्याचा दाखला मागून घ्या, शाळेत रजा कापायची नाही.

दुसरं, दिवाणी आणि फौजदारी. शाळेच्या जागेचा वाद, भाडं, वाटणी हे दिवाणी, तिथं वादी-प्रतिवादी. मारहाण, चोरी, अत्याचार हे फौजदारी, तिथं खटला सरकार चालवतं. म्हणून "आम्ही आपसात मिटवलं" म्हटल्यानं फौजदारी प्रकरण आपोआप मिटत नाही. काही किरकोळ गुन्ह्यांत तडजोड चालते, गंभीर गुन्ह्यांत नाही. वरच्या पायऱ्या फळ्यावर काढा: तालुक्याचं कोर्ट, जिल्हा व सत्र न्यायालय, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. हायकोर्ट म्हटलं की आपण मुंबई धरायचो. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे. अर्ध्या वकिलांना अजून सवयीनं मुंबईची सिद्धेश्वर एक्स्प्रेसच आठवते.

वकीलताई_सातरस्ता

काकांनी कोर्ट सांगितलं, मी त्याआधीचं सांगते. शिक्षकांकडून खरी चूक तिथं होते.

मूल तुम्हाला काहीतरी सांगतं. किंवा सांगत नाही, पण तुम्हाला कळतं. तुम्ही मुख्याध्यापकांना सांगता, ते संस्थाचालकांना, आणि मग ठरतं "आपण आधी अंतर्गत चौकशी करू". माझ्याकडच्या एका प्रकरणात ही चौकशी तीन आठवडे चालली. मुलीला पाच वेळा तेच सांगायला लावलं, एकदा तर आरोपीसमोर. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, 2012 चा आहे. त्याच्या कलम 19 नुसार गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळलेल्या कुणीही पोलिसांना कळवायलाच हवं. कलम 21 प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. खरं-खोटं ठरवणं तुमचं काम नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तारीख-वेळ घाला, बस्स. पोलीस मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं जाऊन जबाब घेतात आणि गणवेशात येत नाहीत, हेही सांगा. पालकांची अर्धी भीती तिथं जाते. आणि कृपया मुलाचं नाव स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

वयाबद्दल: बाल न्याय कायदा 2015, कलम 94. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. शाळा सोडल्याचा नुसता दाखला पुरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये एका पॉक्सो प्रकरणात म्हटलंय. म्हणून पहिलीत प्रवेश देतानाच जन्मदाखल्याची प्रत लावून घ्या. ती अकरा 1 जूनवाली मुलं तुमच्याच शाळेत नाहीत, जिल्हाभर आहेत.

वकील परवडत नाही असं पालक म्हणाले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन 15100. मुलांसाठी 1098.

हुतात्म्यांबद्दल सर बरोबर म्हणतात, पण भाषण नको. मे 1930 मध्ये याच शहरात मार्शल लॉ लागला. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. त्याच्या शेजारी राज्यघटनेचं कलम 22 ठेवा: अटकेचं कारण सांगायचं, वकील भेटू द्यायचा, 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. फळ्यावर दोन्ही लिहा आणि गप्प बसा.

बार्शीचे_गुरुजी

सगळं छान. पण आमच्या हक्काचं कोण सांगणार? शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 27: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावायचं नाही. हे सांगितलं की हॉल जागा होईल बघा. आणि लगेच कलम 17 सांगा, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद. की परत झोपतील.

उन्हाळ्यात आठवीची मुलगी अचानक गैरहजर राहायला लागली, तर गावात ग्रामसेवकाकडे जायचं. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. हे मला नोकरीला लागून सतरा वर्षांनी कळलं, तोवर हळदी होऊन गेल्या.

सहावी_ब_च्या_बाई

सगळ्यांचे आभार. पडदा-बिडदा रद्द. आमच्या रजिस्टरच्या एका पानाची प्रत काढते, नावं झाकून. एक शिक्षक साक्षीदार, एक वकील, बाकीच्यांनी 1 जून मोजायचे. ताई, अंतर्गत चौकशीचं तुम्ही लिहिलंय ते वाचून दाखवलं तर चालेल ना? आमच्याकडे पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनाच त्याची गरज आहे.

काका, आधी एकदा कोर्टात नुसतं बसून यावं म्हणते. साक्षीच्या दिवशी भीतीनं काहीच बघितलं नाही. बाहेरच्या माणसाला बसू देतात का?

निवृत्त_बेंचक्लार्क

खुलं न्यायालय आहे, बसू देतात. पण पॉक्सोसारख्या काही सुनावण्या बंद दाराआड असतात, तिथं नाही. एखाद्या दिवाणी कोर्टात मागच्या बाकावर बसा. ओळखपत्र आणा, मोबाईल बंद ठेवा. बुधवारी साडेदहाला मी गेटजवळच्या चहाच्या गाड्यावर असतो, अजूनही.