मदत हवी आहे: कारच्या दाराच्या रबरी नळीतून स्पीकरची नवी वायर कशी ओवायची?

ड्रायव्हरकडच्या दारातला स्पीकर दार अर्धं उघडलं की बंद पडतो. स्पीकर चांगला आहे: टर्मिनलवर 3.6 ओहम. स्टिरिओमागचा कनेक्टर काढून तिथून मोजलं, तर दार बंद असताना तेवढंच रीडिंग येतं, उघडताना सर्किट तुटतं. म्हणजे वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीतच तुटली आहे. वाकून वाकून तिथेच तुटते.

जोड द्यायचा नाही, कारण वाकणाऱ्या जागी सोल्डर कडक होऊन त्याच्या कडेलाच तांब्याचे तंतू पुन्हा तुटतात. म्हणून 18 गेजची, बारीक तंतूंची शुद्ध तांब्याची वायर अखंड टाकायची आहे.

अडचण खांबाच्या (बॉडीचा ज्या भागाला दाराची बिजागरी असते त्याच्या) बाजूला आहे. तिथे नळी मोकळ्या भोकात नाही, बहुपिनी प्लगमध्ये संपते. सिलिकॉन स्प्रे मारून पडद्याची स्प्रिंग घातली, ती प्लगपर्यंत येऊन अडते. पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉकच्या वायरीही त्यातूनच जातात, त्यांना धक्का नको. पत्र्याला भोक पाडायचं नाही, पाणी शिरून गंज धरेल. बॅटरीची निगेटिव्ह काढूनच काम करतो आहे.

प्लगमध्ये दोन पिना रिकाम्या आहेत. त्यांत नवी टर्मिनल क्रिंप करून (वायरीवर पक्कडीने दाबून) बसवावीत, की जुन्याच स्पीकर-पिना उपसून त्यांवर नवी वायर क्रिंप करावी? आणि पिनेची खिटी न मोडता ती बाहेर कशी काढायची?