सर्किट डायग्राम दुसऱ्यांदा परत आला, उद्या द्यायचाय. मदत हवी!

फोंड्याचा फ्यूज:
गणेश चवथीच्या देखाव्यासाठी पळते लाइट केलेत, सहा एलईडी. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडायच्या पाटीवर) झकास चालतं. तेच मिनी प्रोजेक्ट म्हणून देतोय, तर सर म्हणतात, "ही काय माटोळी बांधलीस? नीट काढून आण." (माटोळी म्हणजे गणपतीवर बांधतात ती फळा-पानांची टांगणी.) जोडण्या सगळ्या बरोबर आहेत, तीनदा तपासल्या. मग चूक कुठे? ईआरसी (सॉफ्टवेअरची जोडण्या तपासणारी सोय) पण एरर देतोय. लवकर सांगा.

मडगावची मैना:
आयसी कुठले? सॉफ्टवेअर कुठलं? डायग्राम कुठाय? आम्ही काय कौल लावून सांगायचं?

फोंड्याचा फ्यूज:
५५५ (टिकटिक देणारा टायमर) आणि ४०१७ (ती मोजून एकेक आउटपुट चालू करणारा), अजून काय असणार. सॉफ्टवेअर कीकॅड (KiCad). फोटो चढत नाही, पावसात नेट मेलंय.

निवृत्त रेडिओवाला:
बाळा, सॉफ्टवेअर ठेव बाजूला. आलेखाचा कागद घे, पेन्सिल घे. सिग्नल डावीकडून उजवीकडे, प्लस वर, ग्राउंड खाली. व्हॉल्व्हच्या रेडिओचे नकाशे आम्ही असेच काढत होतो, आणि दुसऱ्या दिवशी आम्हालाच वाचताही येत होते.

तांबडी वायर:
काका, त्याला उद्या द्यायचंय. फ्यूज, ४०१७ चे पाय चिपवर असतात तसे १ ते १६ क्रमाने काढलेस का?

फोंड्याचा फ्यूज:
हो मग? लायब्ररीत सापडला नाही म्हणून सिंबल मीच बनवला.

तांबडी वायर:
हे आधी सांगायचं ना! ४०१७ चे आउटपुट ३, २, ४, ७, १०, १ अशा पायांवर विखुरलेत. चिपसारखा चौकोन काढलास की रेषा एकमेकींत अडकणारच. क्लॉक, रिसेट डावीकडे घे, आउटपुट उजवीकडे ओळीने, पायांचे नंबर नुसते लिही. तयार सिंबल असाच आहे, '४०१७' टाकून शोध.

साखळीकर:
रेषाच काढू नको. जोडायच्या दोन्ही टोकांना एकाच नावाचं लेबल लाव, काम फत्ते.

मडगावची मैना:
सहा एलईडींना लेबलं? वाचणाऱ्याने लपाछपी खेळायची का? लेबल सप्लायला ठीक. आणि फ्यूज, चार रेषा एका ठिपक्यात आणू नकोस. प्रिंटमध्ये ठिपका उडाला की जोड आहे की नुसती ओलांडणी, कळत नाही. जरा सरकवून इंग्रजी T सारखे दोन वेगळे जोड कर.

साखळीकर:
आमच्या कंपनीत लेबलंच लावतात.

मडगावची मैना:
तुमच्या कंपनीत शंभर पानांचे डायग्राम असतील हो.

पेडण्याचो पंप:
हे सर्किट टाकी भरल्यावर पंप बंद करायला चालेल का?

तांबडी वायर:
नाही. वेगळा धागा काढा. फ्यूज, ईआरसी काय म्हणतो?

फोंड्याचा फ्यूज:
नवीन सिंबल टाकला, सुटसुटीत दिसतंय आता. एरर दोन. एक, पॉवर पिनला कोणी ड्राइव्ह करत नाही, म्हणजे पॉवर पुरवत नाही. बॅटरी जोडलीय की!

तांबडी वायर:
तू बॅटरीसाठी साधा कनेक्टर टाकलास. त्यातून पॉवर येते हे कीकॅडला कुठून कळणार? प्लस आणि ग्राउंड, दोन्हींना पॉवर फ्लॅग (इथून पॉवर येते अशी खूण) लाव. दुसरी?

फोंड्याचा फ्यूज:
पाय १५, म्हणजे रिसेट, जोडलेला नाही. ब्रेडबोर्डवर पाय ५ ला, म्हणजे सातव्या आउटपुटला जोडलाय, सहानंतर परत पहिल्यापासून सुरू व्हायला. डायग्राममध्ये राहिलाच.

मडगावची मैना:
तीनदा तपासलंस ना रे?