फोटो ‘लहान’ करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

घाटंजीहून :
गुलाबी बोंडअळीची खबर लवकर लागावी म्हणून आमच्या शेतकरी गटाने एक साधं मोबाईल ॲप केलं आहे. डोमकळीचा (अळीमुळे न उमललेल्या फुलाचा) किंवा फोडलेल्या बोंडाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा, एवढंच काम. त्यातलं मराठी माझ्याकडे आहे. पाठवण्याआधी ‘रिसाइझ’ असं बटण येतं, त्याच्या जागी मी ‘फोटो लहान करा’ लिहिलं. पहिल्याच दिवशी शेजारचे काका त्या बटणापाशी थांबले. म्हणाले, “लहान कायले करू? मंग अयी दिसन काय त्याच्यात?” फोटो कडेने कापला जाईल असं त्यांना वाटलं होतं. ‘आकार बदला’ लिहून पाहिलं, पण आकार म्हटलं की गोल-चौकोनीच डोळ्यापुढे येतं. ‘आकारमान’ वाचून तर कुणी बटण दाबणार नाही. काय लिहावं?

दर्यापूरहून :
काकांची शंका रास्त आहे, भाऊ. ‘लहान’ या एका शब्दात आपण तीन वेगळी कामं कोंबतो.

फोटोचं माप म्हणजे ठिपके, म्हणजेच पिक्सेल. आडवे 4000, उभे 3000 धरले तर 1 कोटी 20 लाख होतात. हाच फोटो फाइल म्हणून 4 एमबीच्या आसपास भरतो, कारण जेपेगने, म्हणजे फोटो साठवायच्या नेहमीच्या पद्धतीने, तो दाबून ठेवलेला असतो. पण ॲप तो उघडतं तेव्हा सहसा दर ठिपक्याला 4 बाइट लागतात आणि मेमरीत तो 48 एमबी होऊन पसरतो. जिनिंगच्या गावात हे कुणालाही कळेल. 170 किलोची रुईची गाठ कोपऱ्यात मावते, पट्ट्या तोडल्या की खोली भरते. साध्या फोनवर असे चार-पाच फोटो एकदम उघडले की ॲप बंद पडतं ते यामुळेच. म्हणून ‘डिकोड’ला मी ‘गाठ सोडणे’ म्हणतो, आणि फाइल कमी करण्याला ‘वजन कमी करणे’.

आर्वीहून :
‘गाठ सोडणे’ आवडलं. ‘वजना’वर मात्र हरकत आहे. रुई कितीही दाबली तरी वजन तेच राहतं, कमी होते ती जागा. आणि आपण बोलतोही तसंच, “मोबाईलमध्ये जागा नाही.”

दर्यापूरहून :
साठवताना जागा, मान्य. पण पाठवताना आपण “फोटो जड आहे, जाऊन नाही रायला” असंच म्हणतो. रेंज कमी असलेल्या शिवारात तर हेच ऐकू येतं. दोन्ही शब्द राहू द्या, प्रसंग बघून वापरू.

आर्वीहून :
आता ठिपके कमी करण्याचं बघा. तिथे आपला शेतातलाच शब्द चपखल बसतो : विरळणी. कापूस टोबताना एका जागी दोन बिया टाकतो, दोन्ही उगवल्या की एक रोप उपटतो. शेत तेवढंच राहतं, धुराही (बांधही) तोच, फक्त रोपं विरळ होतात. रिसाइझमध्येही चित्र पूर्ण राहतं, ठिपके कमी होतात. कडा कापणं ही छाटणी, तो ‘क्रॉप’. जेपेग करतं ती दाबणी. काकांना भीती होती छाटणीची, आणि आपण करत होतो विरळणी.

अँड्रॉइडमध्येही कामाचा क्रम असाच आहे. आधी कोडमधलं ‘इनजस्टडिकोडबाउंड्स’ चालू करून गाठ न सोडता नुसतं माप विचारायचं. मग ‘इनसॅम्पलसाइझ’, म्हणजे किती पट विरळ करायचं तो आकडा, 4 ठेवायचा. आडवे-उभे दोन्हीकडे चौथा हिस्सा उरतो, म्हणजे 1000 बाय 750, एकूण ठिपके सोळावा हिस्सा. मेमरीत 48 ऐवजी 3 एमबी. हा आकडा 2, 4, 8 अशा दुपटीतच ठेवावा, मधला दिला तर तो खालच्या दुपटीवर आणला जातो. आधी अख्खा फोटो उघडून मग लहान करणं ही खरी चूक. तेव्हा खोली आधीच भरलेली असते.

वर्धेहून :
आणखी एका गोष्टीला शब्द हवा. फोटोसोबत जागा, वेळ आणि तो उभा की आडवा याची नोंद असते, तिला ‘एक्झिफ’ म्हणतात. फोटो नव्याने साठवताना ती मुद्दाम उतरवून घेतली नाही तर गळून पडते. मागच्या हंगामात माझ्याकडे आलेले बोंडांचे फोटो सगळे कुशीवर पडलेले होते, आणि कोणतं बोंड कोणत्या शिवारातलं ते कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक शेतकऱ्याला पुन्हा फोन करावा लागला. पूर्वी फोटोच्या पाठीमागे नाव-गाव लिहून ठेवायचे, म्हणून मी तिला ‘पाठनोंद’ म्हणते.

घाटंजीहून :
ताई, पाठनोंद घेतली. विरळणी कोडच्या टिपणांत लिहिली. बटणावर मात्र ‘फोटो हलका करून पाठवा’ ठेवलं आणि खाली बारीक अक्षरात ‘फोटो कापला जाणार नाही’. मूळ फोटोत 200 ठिपके रुंद असलेली अळी विरळणीनंतर 50 ठिपक्यांची उरते, तेवढी ओळखू येते. त्यापुढे विरळणी करणार नाही, आणि मूळ फोटो शेतकऱ्याच्या फोनमध्येच राहू देतो, उपटलेलं रोप काही परत लागत नाही.

काल काकांना पाठवलेला फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी तो फाकवला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि सरकीपाशी बोट टेकवून म्हणाले, “हे पाय, हाये.”