मंगळावरच्या भेगा चिखलाच्याच आहेत हे कशावरून?

रानवाट_मंगळवेढा: मागच्या रविवारी गावाकडं गेलतो, मालदांडी ज्वारी काढून झालीय आणि रान असं भेगाळलंय की हात कोपरापर्यंत आत जातोय. पोरगी नववीत आहे, तिनं भेगांचे फोटो काढले आणि म्हणाली पप्पा मंगळावर पण अशा भेगा सापडल्यात, म्हणजे तिथं चिखल होता. मला पटंना. उन्हा-थंडीनं पण दगड चिरतो की. तिला नीट सांगायचंय, कुणाला माहितीय का?

सातरस्ता: पोरगी बरोबर बोलतेय दादा. क्युरिऑसिटी रोव्हरनं, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या यंत्रगाडीनं, २०२१ ला तिथल्या 'गेल' नावाच्या विवरात त्या भेगांचे फोटो काढले, त्यावरचा अभ्यास २०२३ ला आला. सगळी गंमत भेगा जिथं एकमेकींना मिळतात त्या कोपऱ्यात आहे. चिखल पहिल्यांदा वाळला की भेगा काटकोनात मिळतात, इंग्रजी टी सारख्या. तोच चिखल परत भिजला, परत वाळला, असं कितीतरी वेळा झालं की कोपरे बदलत बदलत वाय सारखे होतात आणि षटकोन तयार होतात. मंगळावर षटकोनच दिसलेत आणि भेगांच्या कडांना क्षार बसलेत, ते पाण्याशिवाय येणार कुठनं? म्हणजे एकदा पूर येऊन गेला असं नाही, ओलं-सुकं चक्र चालू होतं, साडेतीनशे कोटी वर्षांपेक्षा जुनी गोष्ट आहे ही.

काळीमाती: मग जीवसृष्टी होतीच की!

सातरस्ता: नाही ताई, तेवढी उडी नको. पाणी आटताना त्यातले कार्बनचे छोटे रेणू जवळ येतात, जोडले जाऊन लांब साखळ्या बनू शकतात, जीव घडायला ते लागतं. पण घडला याचा पुरावा नाही. पर्सिव्हरन्स या दुसऱ्या रोव्हरला मंगळावरच्याच जेझेरो विवरात ठिपक्यांचा खडक मिळालाय, त्यातली लोहाची खनिजं पृथ्वीवर बऱ्याचदा सूक्ष्मजंतूंमुळं होतात, पण जंतू नसले तरी होऊ शकतात. मला स्वतःला तिथं काहीतरी होतं असं फार वाटतं, पण वाटणं वेगळं.

रानवाट_मंगळवेढा: आणि पाणी गेलं कुठं?

सातरस्ता: मंगळाचं चुंबकीय क्षेत्र विझलं, मग सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्यानं हवा हळूहळू अवकाशात उडून गेली. आता हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहून कमी, पाणी टिकतच नाही, उरलंय ते बर्फ म्हणून नाहीतर खनिजांत अडकलेलं.

रानवाट_मंगळवेढा: दाखवलं तिला. बांधाकडंला जिथं नांगर लागत नाही तिथल्या भेगांचे कोपरे मोजायचे म्हणतेय, येत्या रविवारी कोनमापक घेऊन जाणार आहोत.