पायदळवाली सिव्ह घेणारे नवखे? घोड्यावरून जरा खाली उतरा

पायक_वाळपई
परवा इथे एकाने लिहिलंय की एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटर गेममध्ये पायदळाची सिव्ह (म्हणजे खेळायला निवडलेली संस्कृती) घेणारे सगळे नवखे, अरेबिया या मॅपवर नाईट (चिलखती घोडेस्वार) नसेल तर खेळूच नये, आणि गॉथ ही पायदळाची सिव्ह म्हणजे नुसतं बटण दाबत बसणं. वाचून डोकंच फिरलं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

एक नाईट आणि एक लाँगस्वॉर्ड (पायी तलवारवाला) समोरासमोर उभे केले तर लाँगस्वॉर्ड मरणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सिव्ह स्ट्राँग आहे की नाही हे असं ठरतं का रे? नाईटला ६० फूड आणि ७५ गोल्ड. घोड्यांना पाडणारा पायी भालेवाला हल्बर्डियर, त्याला ३५ फूड आणि २५ लाकूड, गोल्ड शून्य. खेळ लांबला, खाणी संपल्या की ७५ गोल्ड कुठून आणणार? खाणी बंद पडल्यावर काय होतं ते सत्तरी-डिचोलीच्या माणसाला शिकवायला नको.

आता गॉथ. त्यांचा खास पायदळवाला एलिट हस्कार्ल, त्याचं पिअर्स आर्मर (बाणांपासूनचं चिलखत) ८, चेन मेलपर्यंत अपग्रेड केलं की १०. समोरचा आर्बलेस्ट (बाण मारणारा) सगळे अपग्रेड घेऊन मारतो १०. वजा करून शून्य, पण गेम किमान १ देतोच, म्हणजे एका बाणाला फक्त १ डॅमेज, आणि हस्कार्लचे एचपी (जीव) ७०. एकाला पाडायला सत्तर बाण! मी हे मुद्दाम सिनॅरिओ एडिटरमध्ये लावून मोजलंय, एक हस्कार्ल, एक आर्बलेस्ट, आणि चहा घेऊन बघत बसलो. याला बटण दाबणं म्हणतात का?

घोडदळ_म्हापसा
ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. तू सगळी गोष्ट इम्पीरियलची, म्हणजे गेममधल्या शेवटच्या युगाची सांगतोयस. अरेबियावर तिथपर्यंत पोचू कोण देतो तुला? गॉथना दगडी भिंत नाही, हस्कार्ल सुरुवातीला फक्त कॅसलमधून, ॲनार्की हा अपग्रेड झाल्यावर बॅरक्समधून (पायदळाच्या छावणीतून). तोवर माझे सहा नाईट तुझ्या लाकूडतोड्यांत घुसलेले असतात. तुझा पायदळवाला धावत येईपर्यंत मी दुसऱ्या टोकाच्या शेतात. पकड आता.

ट्रकवाला_डिचोली
खाणींचा विषय काढलाच आहे तर बोलतो. २०१२ ला बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद. आमच्या दारात दोन ट्रक गंजत उभे होते, हप्ते मात्र चालू. तेव्हा रात्री झोप यायची नाही म्हणून मी हा गेम शिकलो, आणि म्हणूनच सांगतो, एकाच गोल्डवर सगळा संसार उभा करायचा नाही. मी सेल्ट्सच घेतो. पायदळ १५ टक्के जास्त वेगाने चालतं, "पकड आता" म्हणणाऱ्याला त्यांचा खास पायदळवाला वोड रेडर पकडतो की नाही ते एकदा खेळून बघ.

जुवेंकार
तुम्ही गॉथ आणि सेल्ट्सवर भांडताय, पण माझा राग वेगळाच आहे. या गेममध्ये पोर्तुगीज २०१५ पासून आहेत, त्यांची फेतोरिया ही वखार आहे, पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाची मोहीम आहे. चौलला त्याचा मुलगा १५०८ ला पडला, १५०९ ला त्याने दीवला सूड घेतला. आपण गोव्यात बसून आल्मेदा होऊन खेळायचं, आणि मराठे कुठे आहेत? २०२२ ला भारताच्या तीन नव्या सिव्ह आल्या, द्रविड, बंगाली, गुर्जर. तरी मराठे नाहीत. जगातलं सगळ्यात भारी पायदळ कुठलं तर मावळे, आणि तेच यादीत नाहीत.

घोडदळ_म्हापसा
गेमचा काळच साधारण १६०० पर्यंतचा आहे, मराठे कुठून येणार? आणि मराठे म्हणजे घोडदळ. सगळं नाव घोड्यांवरच झालंय.

जुवेंकार
हे वाचून मात्र राहवत नाही! पावनखिंडीत १६६० ला घोडे होते का? १६७० ला कोंढाण्याच्या कड्यावर काय घोडे चढवले? नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजीराजांची माणसं आमच्या जुव्याच्या किल्ल्यावर कशी आली माहीत आहे? ओहोटीला पाण्यातून पायी, रात्रीची. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज व्हिसोरेई (व्हाइसरॉय) हरून पळाला, राजांनी त्याच्यामागे घोडा पाण्यात घातला तेव्हा भरती चढत होती, घोडा वाहायला लागला आणि खंडो बल्लाळने त्यांना वाचवलं असं सांगतात. मी लहानपणापासून त्या खाजनाच्या (खाऱ्या पाण्याकाठच्या शेताच्या) बांधावरून शाळेत गेलोय. ओहोटीलासुद्धा गुडघाभर चिखल, चप्पल हातात घेऊन चालायचं. तिथे घोडा काय करणार? आमच्या भूमीवर पायदळच चालतं.

घोडदळ_म्हापसा
तुझा चिखल खरा, पण गेममध्ये चिखल नाही ना! उथळ पाण्यातून नाईट तसाच टापा टाकत जातो, भरती नाही, ओहोटी नाही. दर वेळी इतिहास पुढे करून बॅलन्सचा वाद जिंकायचा हे मला पटत नाही. आणि इतिहासच हवा असेल तर अठराव्या शतकात मराठे दिल्लीपर्यंत कशावर बसून गेले तेही सांग.

जुवेंकार
आणि पानिपतात १४ जानेवारी १७६१ ला दुपारपर्यंत फळी कुणी धरून ठेवली? इब्राहिमखान गारद्याच्या पायदळाने. अर्धंच वाचायचं आणि दुसऱ्याला शिकवायचं.

घोडदळ_म्हापसा
अर्धं कोण वाचतो ते दिसतंय. गारदी कवायती बंदूकवाले होते, मावळे नव्हे. तूच आता शब्द फिरवलास.

पायक_वाळपई
दोघेही जरा थांबा, धागा माझा आहे. जुवेंकार, मराठे खेळायचे तर एम्पायर टोटल वॉर घे, २००९ चा गेम आहे, त्यात मराठे आहेत. पण म्हापसाबाबचा चिखलाचा मुद्दा बरोबर आहे, तो मी मानतो. गेममध्ये जमीन पायदळाला मदत करत नाही, म्हणून तर सिव्ह नीट निवडावी लागते. अरेबियावर गॉथ घेऊन फ्यूडलमध्ये (दुसऱ्या युगात) झोपलास तर मरशील, हेही खरं.

पण ही गोष्ट ऐक. गेल्या चवथीला आजोळी आम्ही सगळी भावंडं जमलो. आरती झाली, बल्कांवात (घरासमोरच्या ओसरीत) सोप्यावर पाच लॅपटॉप, मधे त्यांना जोडणारा एक नेटवर्क स्विच, बाहेर धो धो पाऊस आणि दर अर्ध्या तासाला करंट जातोय. माझा मोठा मावसभाऊ फ्रँक्स घेऊन, वीस टक्के जास्त एचपीचे नाईट, तुझ्यासारखाच तोरा. माझी मामेबहीण नववीत शिकते, तिने मालियन घेतले. तिला कुणीही काही शिकवलं नव्हतं. तिने पाइकमन (भालेवाले) आधी केले, नुसते लाकडाच्या ठिकाणी उभे करून ठेवले, आणि शांतपणे चार बॅरक्स बांधल्या. दादाचे नाईट आले, भाले बघून फिरले, परत आले, परत फिरले. तेवढ्यात हिचे मिलिशियावाले त्याच्या टाऊन सेंटरखाली. मालियनांना पिअर्स आर्मर जास्त, टाऊन सेंटरचे बाण त्यांना फारसे लागेनात. दादाने लॅपटॉप मिटला आणि करंट गेला म्हणून सांगितलं. त्याचा चार्जर चालू होता, आम्ही सगळ्यांनी बघितलं.

घोडदळ_म्हापसा
तुझ्या दादाला खेळता येत नाही. नाईट घेऊन भाल्यांसमोर कोण घिरट्या घालतो, सरळ दुसऱ्या बाजूने जायचं.

ट्रकवाला_डिचोली
दुसऱ्या बाजूला पण भाले उभे केले तर? ३५ फूडचाच माणूस आहे तो.

घोडदळ_म्हापसा
ठीक. काल रात्री गॉथकडून हरलो होतो, तो रेकॉर्ड आत्ता परत लावून बघितला. राग आला होता म्हणून तेव्हा बघितला नव्हता. माझे ३ स्टेबल (घोड्यांच्या पागा), त्याच्या ८ बॅरक्स आणि परफ्युजन हा अपग्रेड झालेला, म्हणजे प्रत्येक बॅरक्स दुप्पट वेगाने. मी एक लाट कापायचो, स्टेबलमधून नवा घोडा निघेपर्यंत पुढची लाट दारात. माझ्याकडे शेवटी ६० गोल्ड उरलेलं, म्हणजे एक नाईटसुद्धा नाही. हस्कार्ल चांगला म्हणून नाही हरलो, बॅरक्स मोजल्या नाहीत म्हणून हरलो. एवढं मानतो. "नवखे" हा शब्द मागे घेतो. बटण दाबण्याचं मात्र मागे घेणार नाही.

पायक_वाळपई
मग पुढच्या वेळी कॅटाफ्रॅक्ट घे. बायझंटाईनचा घोडा, पायदळावर बोनस आहे त्याला. पण कॅसल लागेल, आणि त्याचा दगड आधीपासून जमव.

जुवेंकार
आणि ओहोटीची वेळ बघून ये.